चुन्याची रांग

डब्यातली चिठ्ठी देवमनने स्वतःच्या हाताने काढली. तिच्यावर 'चु' एवढं एकच अक्षर होतं. शकुन सिस्टरने ते वाचलं आणि त्याची वळकटी डाव्या रांगेतल्या सात नंबरच्या खाटेवर नेऊन ठेवली.

अमरावतीतला तो एक धर्मादाय दवाखाना. साल एकोणीसशे त्रेसष्ट, दसरा होऊन आठवडा झालेला. देवमन सेहेचाळीस वर्षांचा होता आणि तिवशाच्या बाजूला गावोगाव हिंडून देवी टोचायची त्याची सरकारी नोकरी होती. लोक त्याला देवीचा डाक्टर म्हणत. वर्षभरापासून वरून हुकूम आला होता की एकही पोर सुटता कामा नये, त्यामुळे चालणं दुपटीने वाढलं होतं. दोन वर्षांपासून त्याला साखरेची बीमारी होती. तळपाय कापसासारखे झाले होते, गरम-गार काही कळत नसे. कौंडण्यपूरच्या बाजूची पाच गावं करून तो एका संध्याकाळी घरी आला, चप्पल काढली, आणि त्याची बायको इंदूबाई ओरडली. चपलेचा खिळा वर आला होता आणि दिवसभर तो त्याच्या अंगठ्याखाली रुतत होता. त्याला पत्ता नव्हता.

महिन्याभरात त्या जागी रुपयाएवढा खड्डा पडला. तिवशाच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि इथे पाठवलं.

इथले मोठे डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पाय पाहिला, सुई टोचून विचारलं, "दुखतं?" देवमन नाही म्हणाला. मग त्यांनी सांगितलं, "अशा जखमांना आम्ही दोन औषधं लावून पाहतोय. एक चुन्याचं पाणी, ब्लीचिंग पावडरचं, आम्ही इथेच बनवतो. दुसरा मध, मेळघाटातला. कोणतं चांगलं ते अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हणून चिठ्ठी काढतो. ज्याला जे निघेल ते शेवटपर्यंत. मध्ये बदलून मिळणार नाही. आणि पट्टीला कुणी हात लावला तर त्याला घरी जावं लागेल. कबूल?"

देवमनने मान हलवली. सरकारी माणूस होता तो, रजिस्टरं ठेवायचा, त्याला ते पटलंही. इंदूबाईला मात्र उलटीच चिंता होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं तुमाले मध नाई निघाला. साखरेच्या रोग्याले मध लावते का कोणी?"

वॉर्डात सहा-सहा खाटांच्या दोन रांगा होत्या. उजवी मधाची, डावी चुन्याची. सकाळी शकुन सिस्टर ट्रॉली घेऊन यायची. डावीकडे ब्लीचिंगचा उग्र वास सुटे आणि डोळ्यांत पाणी येई. उजवीकडे ती मधात भिजवलेली जाळी चिमट्याने उचलून जखमेत भरायची. दर सोमवारी डॉक्टर स्वतः येत. एक्स-रेची जुनी फिल्म धुऊन आरशासारखी साफ केलेली असे. ती जखमेवर धरून ते शाईने कड आखत, मग ती फिल्म चौकोनांच्या कागदावर ठेवून आत किती चौकोन येतात ते मोजत. पहिल्या सोमवारी देवमनचे तीस भरले.

समोरच्या खाटेवर वामनराव नावाचे शेतकरी होते, रिद्धपूरकडचे, भरदार मिशांचे. त्यांचे अठ्ठावीस. देवमनच्या डाव्या हाताला आठ नंबरवर नत्थुजी होता, बडनेऱ्याचा शिंपी, त्याच्याच वयाचा. त्याचे बावीस. नत्थुजी पहिल्याच दिवशी म्हणाला, "आपून दोघं चुन्यातले. घर रंगवाले बरे."

देवमनला त्या दिवशी हसू आलं. पुढे आलं नाही.

तिसऱ्या सोमवारी वामनरावांचे एकोणीस झाले आणि देवमनचे एकतीस. चौथ्या सोमवारी त्यांचे चौदा, त्याचे तेहेतीस. डॉक्टरांनी त्याचा अंगठा दोन बोटांत धरून पाहिला आणि सिस्टरला म्हणाले, "पंधरा दिवस बघू. नाही तर अंगठा काढावा लागेल. त्यावरही थांबलं नाही तर घोट्याखालून."

"साहेब," देवमन म्हणाला, "मले मध लावता नाई येनार का?"

"चिठ्ठी तुम्हीच काढली ना?"

"हो जी."

"मग? आज तुम्हाला बदलून दिलं तर उद्या सगळी रांग मागेल. माझी चार महिन्यांची मोजणी मातीत. चौदाच चौकोन आहेत वामनरावांचे, मलाही दिसतात. पण एका माणसावरून ठरत नाही." त्यांनी फिल्म सिस्टरकडे दिली. "तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही."

कुठे जाणार होता? तिवशाच्या डॉक्टरांनी हात वर केले होते. अकोल्याला मुलगी होती, तिच्या सासरी नऊ माणसं दोन खोल्यांत राहत होती. रोजचं इन्शुलिनचं इंजेक्शन इथेच मिळत होतं. खिडकीला लोखंडी गज होते, त्यांच्या पलीकडे दवाखान्याचं आवार, कडुनिंब, आणि भिंतीपलीकडून मोर्शीच्या मोटारीचा भोंगा. दिवसाला आठ-आठ कोस तुडवणाऱ्या माणसाला आता खाटेपासून संडासापर्यंतच काय ती वाट उरली होती. साखरेमुळे लघवीला सारखं जावं लागे. तेवढंच जरा मोकळं वाटे.

एकदा एका गावात एका बाईने दार लावून घेतलं होतं. पोराला टोचू देणार नाही म्हणाली. कोतवालाला बोलावून देवमनने ते दार उघडवलं होतं, आणि पोराचा दंड धरताना तिला सांगितलं होतं, "बाई, कायदा सगळ्याइले सारखा." आता खाटेवर पडल्या पडल्या त्याला त्या बाईचं तोंड आठवे. पोर पुढे ठणठणीत राहिलं होतं. तरीही ती आठवे.

रविवारी इंदूबाई आली तेव्हा त्याने तिला जवळ बसवलं आणि हळूच म्हटलं, "मध आन."

"काय?"

"बाजारात चिखलदऱ्याकडचे लोक विकतेत. औषधाच्या शिशीत आन."

"अवो, पन डाक्टरनं..."

"तुले माहा पाय पाह्यजे का डाक्टर?"

तिने आणला. पुढचं काम देवमनला अवघड नव्हतं, आयुष्य कापूस, स्पिरिट आणि पट्ट्या हाताळण्यात गेलं होतं. सकाळी सिस्टरची पट्टी झाली की दुपारी सगळे झोपलेले असताना तो चादरीखाली ती सोडायचा, चुन्याची जाळी कागदात गुंडाळून ठेवायचा आणि मधाची भरायचा. पहाटे मध पुसून पुन्हा चुन्याची बसवायचा. ब्लीचिंगच्या वासाखाली मधाचा वास लपून जाई. पहिले दोन दिवस जाळी नीट बसेना. मग सवय झाली. फक्त सिस्टर ट्रॉली घेऊन आली की तो खिडकीबाहेर बघत राही.

त्याला वाटलं होतं आठ दिवसांत फरक दिसेल. सोमवारी डॉक्टरांनी फिल्म ठेवली. चौतीस.

देवमनने विचारलं, "बराबर मोजलं ना जी?"

"दोनदा मोजलं."

पुढचा आठवडाही त्याने मध लावला, जास्तच लावला. आणि त्याच्या मनात भलतंच घोळू लागलं. मेळघाटातला मध तोच, माझाही तोच. बीमारी तीच. वामनरावांचा पाय भरतो आणि माझा काहून नाही? की बाजारातला मध गुळाच्या पाण्याचा होता? त्याने चाखून पाहिला. खरा होता. पण हे विचारणार कुणाला? विचारायचं तर आधी चोरी सांगावी लागणार, आणि चोरी सांगितली की वळकटी उचलून घरी. चुन्याने पाय जात होता, मधाने जात होता, आणि त्याला तोंड उघडायची सोय नव्हती.

त्या रविवारी दुपारी त्याच्या खाटेच्या पायावरून मुंग्यांची ओळ चढू लागली. तो घाबरला. सिस्टरने पाहिलं तर संपलंच. त्याने ओल्या फडक्याने पटापट मुंग्या पुसल्या आणि नकळत समोर बघितलं. मधाच्या रांगेत सगळ्या खाटांचे पाय पाण्याने भरलेल्या डब्यांत होते, मुंग्यांसाठीच. इतके दिवस ते डोळ्यांसमोर होतं. आता त्याला पहिल्यांदाच दिसलं की त्या रांगेतलं कुणीही खाटेवरून उतरत नाही. मध पाझरून फरशी चिकट होते, मुंग्या लागतात, म्हणून झाडूवालीने कटकट केली होती आणि सिस्टरने त्या सहाही जणांना खाली पाय टेकायची बंदी केली होती. त्यांना भांडं खाटेवरच मिळे. पाय उशीवर. वामनराव सव्वा महिन्यात एकदाही जमिनीवर उभे राहिले नव्हते. त्यावरून त्यांची बायको कौशल्याबाई रोज कुरकुर करत होती.

आणि चुन्याच्या रांगेला मोकळीक होती.

देवमनने त्या दिवशी आपल्या फेऱ्या मोजल्या. अकरा झाल्या. जाऊन-येऊन प्रत्येकी नव्वद पावलं. रोज हजार पावलं, त्यातली निम्मी जखमेवर, आणि दुखत नाही म्हणून पाय थांबतही नाही.

त्याने रजिस्टर ठेवणाऱ्या माणसासारखी खात्री करायची ठरवली. सोमवारी मोजणी झाली, छत्तीस. पंधरा दिवस संपले होते, डॉक्टरांनी अंगठ्याला आणखी एकच आठवडा दिला. त्यानंतर त्याने सिस्टरला सांगितलं की चक्कर येऊन राहिली, भांडं द्या. दोन दिवस तो खाटेवरून उतरला नाही. मधही लावला नाही, सिस्टरची चुन्याचीच पट्टी राहू दिली. बुधवारी सकाळी पट्टी निघाली तेव्हा जाळीवर रोजचा लाल डाग नव्हता.

शकुन सिस्टर म्हणाली, "आज तं कोरडी आहे हो देवमनराव."

त्याला कळलं. मध नव्हता, चुनाही नव्हता.

त्याच वेळी शेजारचा नत्थुजी खाटेवरून उतरून खडावा घालत होता. खट, खट, खट करत तो दारापर्यंत गेला. देवमनने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर नत्थुजी विचारणार, तुले कसं समजलं. तो बोलका माणूस, दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डात करणार. मग डॉक्टर विचारणार. आणि आता तर पाय कोरडा पडू लागला होता, आताच घरी जायचं? सोमवारपर्यंत थांबू, चौकोन कमी झाले की डॉक्टर खूश असतील, मग सांगू. असं त्याने स्वतःला समजावलं. गुरुवारी त्याने नत्थुजीच्या खडावांचा आवाज मोजला. नऊ वेळा. प्रत्येक वेळी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

शुक्रवारी नत्थुजीला थंडी वाजून ताप आला. पट्टी सोडली तेव्हा दोन बोटं काळी पडली होती आणि लाली नडगीवर चढत होती. शनिवारी सकाळी दहाला त्याला नेलं, दुपारी आणलं. चादरीखाली एका बाजूला पाऊल होतं, दुसऱ्या बाजूला चादर सपाट होती.

शिलाईचं मशीन पायाने चालवणारा माणूस तो.

सोमवारी डॉक्टर फिल्म घेऊन आले आणि चौकोन मोजून म्हणाले, "तीस. अरे वा."

"साहेब," देवमन म्हणाला, "मी चोरी केली."

त्याने सगळं सांगितलं. शिशी, दुपार, पहाट, दोन आठवडे. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्यांनी फिल्म खाटेवर आपटली. "बावीस लोकांची मोजणी आहे ही! तुमच्यासारखा शिकलेला, खात्यातला माणूस! सिस्टर, यांचा सुट्टीचा कागद करा. आजच."

"करा जी. पन पुढचं आयका." देवमन खाटेवर उठून बसला. "मध लावूनही माहा पाय भरला नाई. चालनं बंद केलं तवा भरला. समोरच्या रांगेत कोनी चालत नाई. आमच्या रांगेत सगळे चालतेत. तुमी पाहून घ्या."

डॉक्टर दाराकडे निघाले होते ते थांबले. "सिस्टर, उजवीकडचे खाली उतरत नाहीत?"

"नाही सर. मुंग्यांमुळे मीच मना केलं."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच."

"आणि डावीकडचे?"

"ते जातात आपले."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिथेच बसले. त्यांनी उजव्या रांगेतले डबे एकेक करून पाहिले. मग एवढंच म्हणाले, "मला दिसायला हवं होतं."

देवमनने विचारलं, "साहेब, मी बुधवारीच सांगतलं असतं तं नत्थुजीचा पाय वाचला असता का?"

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. "ठाऊक नाही," ते म्हणाले. "कदाचित. कदाचित नाही."

देवमनचा कागद झाला नाही. त्या दिवसापासून बाराही खाटांना नियम लागला की कुणीही जमिनीवर पाय टेकायचा नाही. महारोग्यांच्या पायांना प्लास्टर घालून अशा जखमा भरवतात असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं, तेही त्यांनी देवमनवर करून पाहिलं. घोट्याच्या वरपर्यंत प्लास्टर, पाय दोरीने टांगलेला. पाठीवर निजून राहायचं. खाज आली तर खाजवता येत नव्हतं, कूस वळता येत नव्हतं. छताच्या तुळया अकरा होत्या. भांड्यासाठी हाक मारायची लाज वाटे, ती आठवडाभरात संपली.

आणि दोन हातांवर नत्थुजी. त्याला कुठे जायचं नव्हतं, देवमनलाही नव्हतं. डॉक्टरांशी बोलणं सगळ्या वॉर्डाने ऐकलं होतं. नत्थुजीने त्या सोमवारी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. कुणाशी बोलायचं झालं तर तो छताकडे बघून बोले. देवमनने दोनदा "नत्थुजी" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. इंदूबाईने त्याच्यासाठी भाकर आणि ठेचा आणला, तो तसाच वाळला. उठून जाता आलं असतं तर देवमन उठून गेला असता. पण पाय दोरीला होता, आणि शेजारच्या माणसाचा प्रत्येक श्वास त्याला ऐकू येत होता.

बाराव्या दिवशी, पट्ट्या उरकून सिस्टर गेल्यावर, नत्थुजी एकदम बोलला. मान वळवली नव्हती.

"डाक्टरले सांगतलं तू."

"हो."

"मले कावून नाई सांगतलं?"

देवमन टांगलेल्या पायाकडे बघू लागला.

"मधाचं नसतं सांगतलं तरी चाललं असतं. एवढंच म्हनाचं होतं, नत्थू, खाली उतरू नोको. कावून म्हनून मी इचारलं असतं, तं म्हनाचं होतं, असंच. आयकलं असतं, नसतं आयकलं, ते माहं मी पाह्यलं असतं. मी रोज तुह्यासमोरून जाऊन राहिलो होतो."

"भेव वाटलं गा," देवमन म्हणाला.

"कशाचं?"

घरी पाठवतील याचं, हे खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं. एवढं एक वाक्य बोलायला चोरी कबूल करायची गरज नव्हती. बारा दिवस तो तेच शोधत होता, आणि जितकं शोधावं तितकं ते लहान होत जाई.

"मले नाई सांगता येत," तो म्हणाला.

नत्थुजीने मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मंग मीही काई म्हनत नाई," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला. त्यानंतर मात्र पाणी लागलं की तो मागून घेऊ लागला. लोटा देवमनच्या हाताशी असे. देवमन तो सरकवायचा, नत्थुजी घ्यायचा. पंधरा दिवसांनी भाऊ येऊन त्याला कुबड्यांवर घेऊन गेला.

देवमनचं प्लास्टर चारदा बदललं. प्रत्येक वेळी फिल्म ठेवली गेली. एकोणीस, अकरा, चार, आणि माघ संपताना एकही चौकोन नाही. डॉक्टरांनी जुनी मोजणी कपाटात टाकून नव्याने सुरुवात केली होती. आता दोन्ही रांगा खाटेवर होत्या. जाताना देवमनने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सध्या तरी फारसा फरक दिसत नाही. बघू."

गावोगाव हिंडायचं काम सुटलं. खात्याने त्याला अमरावतीला लशीच्या कोठीवर बसवलं. बर्फाच्या पेट्या, कुप्या, टपालाच्या वह्या. दिवसभर एका खुर्चीत. बाहेरून येणारे देवी टोचणारे धुळीने भरलेले पाय घेऊन दारात उभे राहत आणि त्याला आपली खुर्ची घट्ट वाटे.

चैत्रात एक दिवस तो मोटारीने बडनेऱ्याला गेला. काखेत सदऱ्याचं कापड होतं. नत्थुजीचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला, दोन फळ्यांचं. पायाचं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं आणि तो हाताने फिरवायचं छोटं मशीन घेऊन खाली बसला होता. उजव्या हाताने चाक फिरवायचा, डाव्या हाताने कापड सरकवायचा. पूर्वी दोन्ही हात कापडावर असत. टाका वाकडा जाई, मग उसवे.

त्याने वर पाहिलं, कापड घेतलं, बोटांत चोळलं. "वाक. मले उठता येत नाई."

देवमन गुडघ्यांवर बसला. नत्थुजीने खांदा मापला, छाती मापली, आकडे खडूने फळीवर लिहिले. मग फीत गळ्यात टाकून म्हणाला, "पाय दाखव."

देवमनने चप्पल काढली आणि तळवा वर केला. अंगठ्याखाली गुळगुळीत, पांढरट कातडी आली होती. नत्थुजीने तिच्यावरून अंगठा फिरवला, कडेला दाबला, जिथे शिवण आल्यासारखी रेघ होती तिथे जरा जास्त वेळ. देवमनला त्याचा स्पर्श कळला नाही, फक्त दिसला.

"चांगला भरला," नत्थुजी म्हणाला आणि पाय सोडून दिला.

मग त्याने मशीन पुढे ओढलं आणि अर्धवट राहिलेली कॉलर सुईखाली सरकवली. देवमन तिथेच बसून राहिला. बडनेऱ्याहून परतीची मोटार तासाभराने होती.